आजोबा मेल्याचा कागद

माझा आजोबा मेला याचा आनंद आमच्या घरात तो गेल्यानंतर पन्नासेक वर्षांनी झाला. हे वाचून कोणी मला नालायक म्हणेल, तर खुशाल म्हणो. पण आधी पुढचं ऐकून घ्यावं.

लेकीच्या जात पडताळणीसाठी मला वंशावळ काढावी लागली होती. पडताळणी झाली, काम संपलं, पण मला खूळ लागलं. शाळेत शिकवून फुलचूरच्या घरी आले की मी कागद पसरून बसायची. कोण कुठं जन्मलं, कोण कशानं गेलं, सगळं लिहून काढायची. नवरा म्हणायचा, "मेलेल्यांना तरी सुखानं राहू दे." मी ऐकणाऱ्यातली नाही. हळूहळू सगळ्या जागा भरल्या. एकच मोकळी राहिली, ती आजोबाच्या मृत्यूची.

आजोबा आमच्या तिरोड्याकडच्या गावाहून दरेकशाच्या जंगलात लाकूडतोडीला गेला होता. छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. सोबत आजी होती, सहा-सात वर्षांची माझी आत्या होती आणि अंगावर पिणारे माझे वडील. आजी परत आली ती दोन लेकरं घेऊन, कपाळ पुसून. नवरा तापानं गेला, तिथंच माती दिली, एवढंच तिनं सांगितलं. आजोबाच्या भावांना ते पटलं नाही. प्रेत कोणी पाहिलं? जंगलातले बाकीचे मजूर परक्या गावचे, विचारणार कोणाला? मग त्या भावांनीच ठरवून टाकलं, की तो तिकडं डोंगरगडाच्या बाजूला दुसरी बाई करून राहिला आणि हिनं लाजेपायी जिवंत नवऱ्याच्या नावानं कुंकू पुसलं. गावाला असली गोष्ट मिळाली की गाव ती सोडत नाही. आत्याच्या लग्नातसुद्धा मांडवात कोणीतरी म्हणालंच, "बाप जिवंत असून लेकीच्या लग्नाले नाही आला."

आजी हे ऐकत ऐकत म्हातारी झाली आणि गेली. आत्याला मात्र जंगलातल्या खोपडीत, म्हणजे झोपडीत, निजलेला बाप आठवायचा आणि मग एकदम रेल्वे आठवायची. मधलं काही नाही. बापाचा ताप वाढला तेव्हा तिला शेजारच्या खोपडीत ठेवलं होतं. एकदा सुपात तांदूळ निवडता निवडता ती मला म्हणाली, "माय खोटी बोलली असन का व?" आयुष्यभर मायच्या बाजूनं भांडलेली बाई साठीला येऊन असं विचारते, याचा मला इतका संताप आला की सूप हातातून ओढून घेतलं. तांदूळ सांडले. त्याच दिवशी ठरवलं, आजोबा मेल्याचा कागद काढायचाच.

त्या काळी गावात कोणी जन्मलं किंवा मेलं की कोतवाल त्याची वर्दी द्यायचा आणि ती एका पंजीत लिहिली जायची. आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण जुने कागद कुठं राहिले आणि कुठं आले, हे विचारावं तितकी उत्तरं. सुट्ट्या टाकून फिरले. शेवटी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या भागाची पंजी निघाली. मी आजोबाचं पूर्ण नाव लिहून दिलं. बाबूनं त्या दोन-तीन वर्षांची सगळी पानं उलटली, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, इस नाम का कोई नहीं मरा."

परत येताना मला आत्याचं तोंड दिसत होतं. तिला काय सांगणार? तुझा बाप मेलाच नाही? मी थाप मारली, की सख्ख्या वारसानं अर्ज करावा लागतो. आत्या लगेच तयार. "चाल न मग, मी कायले बसून राहू?" आता मला तिला न्यावंच लागलं.

बाबूनं नव्या अर्जावर तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, "पति का नाम?"

आत्या गप्प. बाबूला वाटलं, ऐकू आलं नाही. त्यानं मोठ्यानं विचारलं. आत्यानं पदर सावरला आणि खिडकीकडं पाहू लागली. मग मला कोपरानं ढोसलं, "तू सांग न व." नवऱ्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, उपासतापास गेले, पण नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत आत्याच्या जिभेवरून काही हलली नव्हती. मी माझ्या नवऱ्याला गल्लीच्या टोकापासून नावानं हाक मारते, त्यामुळं मला आधी हसूच आलं.

आणि हसता हसता मी थांबले.

"आत्या, आजी घ्यायची का आजोबाचं नाव?"

"कायले घेईन? नवऱ्याचं नाव कोणी घेते का?"

"मग कोणी विचारलं तर?"

"माह्या नावानं सांगे. तिचा बाप, म्हणे."

जंगलातला मुलूख परका. नवरा नुकता मातीत गेलेला. कोतवाल विचारतो, कोण मेलं? नाव ठाऊक असलेलं मोठं माणूस एकच, आजी, आणि ती नाव घेणार नाही. मेल्या नवऱ्याचंसुद्धा घेणार नाही. मी बाबूला म्हटलं, "भाऊ, हिच्या नावानं बघा." तो वैतागला. "ये तो जिंदा बैठी है." पण बसला पुन्हा पानं उलटायला.

नोंद सापडली. मरणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात आत्याचं नाव होतं आणि त्यापुढं 'चा बाप'. राहणार, आमचं गाव. जात आमची. कारण, ताप. बाबू चष्मा वर करून म्हणाला, "आप लोग भी कमाल करते हो."

मी त्या कचेरीत सगळ्यांसमोर रडले. आत्या नाही रडली. तिनं मला दोनदा वाचायला लावलं, मग बाबूकडं वळून विचारलं, "पक्का मेला न?"

"पक्का, माताजी."

"बरं झालं," आत्या म्हणाली, आणि इतका मोठा श्वास सोडला की बाबूही गालात हसला. परतीच्या गाडीत ती शहाण्या पोरीसारखी खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "माय खरंच सांगे." मी म्हटलं, हो. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला होता. मी गाडीत भेळ घेतली आणि दोघींनी ती भांडून खाल्ली.

शिक्का मारलेली नक्कल हातात आली त्या दिवशी आत्यानं मला जिलेबी घ्यायला लावली आणि मला घेऊन थेट माहेरच्या गावी गेली. आजोबाच्या सगळ्या भावांच्या घरी तिनं जिलेबी वाटली. शेवटचं घर धाकट्या भावाचं. तो कधीच गेला होता, पण त्याची बायको होती, आत्याची काकी. लग्नाच्या मांडवात बोलली होती ती हीच. म्हातारीनं ओसरीवर बसून जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला, चवीनं चघळला आणि विचारलं, "काऊन व, नातू झाला का?"

"नाही काकी," आत्या म्हणाली, "माहा बाप मेला."