नश्मीलचं कबरस्तान

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि दोन्ही हात पसरून मेलेल्यांसाठी फातिहा म्हणू लागला. मी आणि नश्मील वरच्या खडकाआड बसलो होतो. मला हसू आवरेना. नश्मीलने माझ्या मांडीला चिमटा काढला.

उतारभर दगड होते. जोडीजोडीने, एक डोक्याशी, एक पायाशी. प्रत्येक जोडीमध्ये ओकची एक बी पुरलेली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो बिचारा बाहेरगावचा.

हा उतार उन्हाळ्यात जळाला. ओकचं जुनं रान होतं. आग कशी लागली ते कुणी बोलत नाही. पण राख निवायच्या आत काक कादरने, मोठ्या माणसाला आम्ही काक म्हणतो, तिथे द्राक्षं लावायचं ठरवलं. नश्मील त्याची शेजारीण. विधवा. सुती जोडे विणून पोट भरते. ती त्याच्या दारात गेली.

"काक कादर, ते रान गावाचं आहे."

"रान होतं," तो म्हणाला. "आता नुसती माती आहे. जा, जोडे विण."

तिने विणकाम कोनाड्यात टाकलं आणि पलीकडच्या डोंगरावरून बिया वेचून आणू लागली. मी साहित्याची पदवी घेऊन शहरातून परतले होते, रिकामीच होते. पोतं धरायला गेले. बी आडवी ठेवायची, वर बोटभर माती, मग दोन्हीकडे दगड.

"दगड कशाला?" मी विचारलं.

"शेळ्यांनी तुडवू नये म्हणून." ती पुढच्या खड्ड्याकडे सरकली. "आणि कादरसाठी."

तेव्हा मला कळलं. आमच्याकडे कबरस्तानातली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. बर्फात चूल विझली तरी नाही. म्हणून तर आमचे सगळ्यांत जुने ओक मेलेल्यांच्या उशाशी उभे आहेत. तिने अख्खा उतारच मेलेल्यांच्या नावावर केला होता. मी पोतं धरून तशीच उभी राहिले.

"तोंड मिट," नश्मील म्हणाली. "माशी जाईल."

तर ट्रॅक्टरवाला फातिहा म्हणून परत वळला. कादर धावत आला.

"अरे चालव ना!"

"कबरींवर? मला घरी पोरंबाळं आहेत, काक."

"कबरी कुठल्या! त्या बाईने बिया पुरल्यात."

"मग एक दगड उपटून दाखवा. मी लगेच सुरू करतो."

कादर वाकला. दगडाला हात लावला. हात तिथेच राहिला. मग तो कंबर धरून सरळ झाला आणि ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत खाली गेला.

संध्याकाळी तो मौलवींना घेऊन आला. त्यांना आम्ही मामोस्ता म्हणतो.

"नश्मील, खोटी कबर बांधणं पाप आहे," मामोस्ता म्हणाले.

"खोटी कुठली? प्रत्येकीत काहीतरी पुरलंय."

"पण मेलंय कोण?" कादर ओरडला.

"उन्हाळ्यात तिथे खारी होत्या. अस्वलीण होती, दोन पिल्लं होती. ती कुठे गेली? सांग ना. तुला ठाऊक असेल."

मामोस्तांनी दाढीवरून हात फिरवला. "मी फातिहा म्हणायची तरी कुणासाठी?"

"खारींसाठी म्हणा. त्यांनी कुणाची जमीन लाटली नाही."

मामोस्ता खोकल्यासारखं करून हसले आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

"बर्फ वितळू दे," कादर तिला म्हणाला. "आमच्याच गावातला ट्रॅक्टरवाला आणतो. त्याला तुझी भुतं माहीत आहेत."

बर्फ वितळायच्या आतच कादरची आई वारली. दाया खजीज, म्हणजे खजीजआई, आमच्या गावात सगळ्यांत वयस्क. मरताना तिने चारचौघांदेखत लेकाला सांगितलं, मला त्या उतारावर पुरा. का, ते सांगितलं नाही. आईचा शेवटचा शब्द मोडायची कादरची छाती नव्हती.

आमच्याकडे दफनाला बायका जात नाहीत. नश्मील गेली. तिच्यामागे मी.

बर्फात दगडांची फक्त टोकं दिसत होती. पुरुष फावडी घेऊन उभे. तिला कुणी परत जा म्हणालं नाही. कादरने फावडं टेकवलं.

"तिथे नको," नश्मील म्हणाली. "तिथे एक आहे."

तो दोन पावलं सरकला.

"तिथेही आहे."

तो आणखी सरकला. तिने मान हलवली. त्याचे डोळे रडून सुजले होते. तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत म्हणाला, "मग कुठे खणू, नश्मील?"

ती त्याला घेऊन उताराच्या पायथ्याशी आली. दोन खडकांमधून जिथे वाट वर चढते, तिथे थांबली. वर जायला तेवढी एकच वाट.

"इथे," ती म्हणाली. "ट्रॅक्टर इथूनच चढतो."

कादरने वाटेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग खणायला सुरुवात केली.