धोंडाबाईची घंटा

नाशिकात शरणपूरच्या अंगाला जी जुनी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथे चर्चला अजूनही देऊळच म्हणतात. बाहेरच्या माणसाचा त्यात गोंधळ उडतो, वस्तीचा उडत नाही. या देवळाची घंटा मोतीराम साळवे वाजवतो, त्याच्याआधी त्याचा बाप वाजवायचा. उपासनेची घंटा वेगळी, लग्नाची वेगळी आणि मयताची वेगळी. मयताला एक ठोका द्यायचा, तो पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा द्यायचा. ती घंटा सुरू झाली की बायका हातातलं काम टाकून दारात येतात आणि एकमेकींना विचारतात, कोण गेलं?

बापाने या कामात मोतीरामला एकच गोष्ट शिकवली होती. निरोप कोणाचाही येवो, खुद्द देवळाच्या पाळकसाहेबांचा येवो, आधी त्या घरी जायचं. मयताचं तोंड पाहायचं, नाकाशी हात धरायचा आणि मगच येऊन दोराला हात लावायचा. "घंटा म्हणजे साक्ष हाय," बाप म्हणायचा. "न बघता दिलेली साक्ष खोटीच. पुढं ती खरी निघाली तरी खोटीच." मोतीराम सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होता, तेव्हाही साहेबाच्या शिव्या खाऊन, अर्धी रजा टाकून तो मयताच्या घरी जायचा. "मेलेल्यांची विचारपूस लय तुम्हाला, जित्यांची नाय," असं त्याची बायको मंगलाबाई म्हणायची. बाईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

असा हा माणूस यंदाच्या जानेवारीत चुकला.

झालं असं की, वस्तीतली धोंडाबाई लेकीकडे मनमाडला गेली होती. शाळेत मावशी म्हणून आयुष्य काढलेली, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. रात्री तिच्या छातीत दुखलं. लेक साधना घाबरली आणि तिने देवळाच्या ग्रुपवर टाकलं, आईसाठी प्रार्थना करा. दुखणं गॅसचं निघालं. म्हातारी पहाटे उठून हट्टाने नाशिकच्या गाडीत बसली, लेक तिला पोहोचवायला स्टेशनवर गेली आणि तिचा फोन घरीच राहिला. इकडे ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, फार सिरियस आहेत असं ऐकलं. दुसऱ्याने हात जोडले. तिसऱ्याने हात जोडलेले पाहिले आणि लिहिलं, प्रभू त्यांच्या आत्म्यास शांती देवो. मग काय, रांगच लागली. निवृत्त शिक्षिका प्रतिभाबाई देवळाच्या पंच कमिटीत आहेत, ग्रुप त्याच सांभाळतात. त्यांनी धोंडाबाईच्या फोटोला हार घालून तो सगळीकडे पाठवून दिला. यातलं कोणीही मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. सगळी भली माणसं, आणि सगळ्यांनी मिळून बाईला मारून टाकलं.

मोतीरामने साधनाला फोन लावून पाहिला, कोणी उचलला नाही. मनमाडला जाऊन पाहून यायचं तर अर्धा दिवस मोडणार. तेवढ्यात प्रतिभाबाईंचा फोन आला. "मोतीरामभाऊ, सगळ्या नाशिकला कळलं, आपल्या देवळालाच कळलं नाही का?"

त्याला लाज वाटली. माणूस लाजेपोटी काय काय करून बसतो! तो उठला आणि देवळात गेला.

गोदावरीकडून धुकं चढून वस्तीत बसलं होतं, पायरीवरून फाटक दिसत नव्हतं. मोतीरामने पहिला ठोका दिला. धुक्यात तो आवाज लांब जाईना, तिथल्या तिथे घोटाळत राहिला. दुसरा दिला, तिसरा दिला. मग त्याला मागे कोणाच्या तरी चपला घासल्याचा आवाज आला. दारात एक बाई उभी होती, अंगावर शाल, हातात पिशवी.

"मोतीराम," ती म्हणाली, "कोण गेलं रे?"

धोंडाबाई होती. मोतीरामच्या हातातून दोर सुटला. वरची घंटा मात्र लगेच थांबली नाही, तिने आपल्या अंगाने आणखी एक ठोका दिला. तो विरेपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत राहिली.

सुरुवातीला धोंडाबाई हसली. "अरे, मला न सांगता मारलंस होय?" असं म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटाही घातला. पण गल्लीतून घरी जाताना तिचं हसू गेलं. बायका दारात उभ्या होत्या आणि तिला पाहून एकेक जण आत सरत होती. दारावर कोणीतरी पांढरी फुलं ठेवून गेलं होतं. दुपारी साधना मनमाडहून धाय मोकलून रडत आली. जिला सकाळी स्वतःच्या हाताने गाडीत बसवून दिलं, तिच्याच मरणाचे फोन घेऊन घेऊन पोरीला ते खरं वाटायला लागलं होतं. आईला खाटेवर बसलेली पाहूनही ती उंबऱ्यातून आत येईना.

मोतीरामने त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, धोंडाबाई जिवंत आहेत, चूक झाली. त्याचं काय झालं म्हणता? दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्या मजकुरातून 'चूक' तेवढी गळून पडली आणि 'जिवंत' राहिलं. नाशिकमध्ये मेलेली बाई घंटा वाजत असताना उठली, असा व्हिडिओ फिरू लागला. त्यात देवळाचा फोटो होता, हाराचा फोटो होता आणि खाली रडवणारं संगीत. दोन दिवसांत निफाडकडून जीप भरून माणसं आली. ती धोंडाबाईच्या पायाशी बसायची, तिच्या शालीला हात लावून तो आपल्या आजारी पोरांच्या कपाळी लावायची आणि दबक्या आवाजात विचारायची, "तिकडं काय पाहिलं, आई?"

"काय नाय पाहिलं," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी मोतीराम दारात उभा असताना त्याने तिला उत्तर देताना ऐकलं.

"धुकं व्हतं," ती म्हणाली. "आन् आत कोणीतरी मला बोलवत व्हतं."

बाई खोटं बोलत नव्हती, हीच त्यातली भीती. तिला ते दिसत होतं.

त्यानंतर तिने जेवण सोडलं. पेटीतली पांढरी साडी काढून नेसली. मरणाची म्हणून बाजूला ठेवलेली साडी ती, आणि ती नेसून बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टर येऊन गेला. दुखणं काही नाही म्हणाला, पण अशी उपाशी राहिली तर आठवडाही काढणार नाही, असंही म्हणाला. साधना पाया पडली, मंगलाबाई रागावली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. म्हातारीचं सगळ्यांना एकच उत्तर. "घंटा झालीय माझी."

मोतीरामला घास गोड लागेना. आपण न पाहता एक दोर ओढला आणि त्या दोराला बांधून एक जिवंत बाई हळूहळू मातीकडे चालली आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. तो प्रतिभाबाईंकडे गेला. म्हणाला, "लोकांना खरं सांगा. त्यांचं येणं थांबलं तर ती सुटेल."

"भाऊ, देऊळ कधी नव्हे ते भरतंय," त्या म्हणाल्या. बाई दुष्ट नव्हत्या, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "देवाचंच नाव होतंय ना? आपण कशाला मध्ये पडायचं?"

"प्रभूचं नाव खोट्यावर कशाला चालवायचं, बाई? त्याला काय खऱ्याची कमी हाय?"

रविवारी देवळात उभं राहायला जागा नव्हती. उपासनेत साक्षी देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगण्याची वेळ आली, तसा मोतीराम पुढे गेला. घंटेवाला आता चमत्कार सांगणार म्हणून कितीतरी हात फोन घेऊन वर आले. पाळकसाहेब तरुण आणि भले होते, पण गर्दी बघून त्यांनाही बरं वाटत होतं. त्यांनी हसून माइक त्याच्या हातात दिला.

"धोंडाआक्का मेली नव्हती," मोतीराम म्हणाला. "तिला कोणी उठवलं नाय. ती मनमाडहून गाडीनं आली. मी तिचं तोंड न बघता घंटा वाजवली, फोनवर वाचून वाजवली. देवळाच्या घंटेनं मी खोटी साक्ष दिली. घंटा म्हणून तुम्ही ती मानली, तुमची चूक नाय. पण आता सांगतो तेही माना. प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा शिष्यांना ऐकलंत तेवढं पुरे असं म्हणाला नाय तो. त्यानं हात पुढं केले, जखमा दाखवल्या, बघा म्हणाला. मी बघितलं नव्हतं."

वर गेलेले हात खाली येईनात. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, अगदी प्रेमळ आवाज, "भाऊ, तुमचा विश्वास कमी पडतोय." त्याला आणखी आवाज मिळाले. मोतीरामने समोर पाहिलं. ओळखीचे चेहरे होते, लहानपणापासूनचे, आणि त्यातला एकही त्याच्याकडे पाहत नव्हता. सगळे हातातल्या फोनमध्ये त्यालाच बघत होते. तिथे उभं राहणं त्याला नकोसं झालं. माइक ठेवून तो बाहेर पडला आणि तडक धोंडाबाईकडे गेला.

जीपवाले त्याच्या मागोमाग आलेच. पण धोंडाबाईपाशी बसलेली मंगलाबाई उठून दारात आडवी उभी राहिली. "घरात माणूस आजारी हाय, जत्रा नाय!" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

दुपारच्या उन्हातही खोलीत अंधारच होता. मोतीराम खाटेजवळ बसला. त्याने धोंडाबाईच्या नाकाशी हात धरला. हाताला श्वास लागत होता, बारीक पण ऊन.

"आक्का, तू जिवंत हायेस. मी खोटी घंटा वाजवली. आत्ता देवळात सगळ्यांसमोर सांगून आलो."

भिंतीकडेच तोंड ठेवून ती म्हणाली, "म्हंजे घंटा खोटी वाजू शकते?"

"माझ्या हातानं वाजली."

"मग माझ्या दाविदाची?"

मोतीरामला कळेना. ती उठून बसू पाहत होती, साधनाने तिला आधार दिला. दाविद तिचा थोरला, साधनाच्या आधीचा. तापाच्या साथीत गेलेला.

"मी तापानं दवाखान्यात व्हते," ती म्हणाली. "शुद्ध नव्हती. घरी आले तर पाळणा उलटा करून ठेवलेला. सासू म्हणाली, घंटा झाली. मी त्याचं तोंड पाहिलं नाय, माती दिली नाय. मनात यायचं, कोणाला देऊन तर टाकलं नसंल? कुठं असंल तर? मग मी मनाला सांगायची, घंटा झाली ना, घंटा खोटं बोलत नाय. त्यावर दिवस काढले रे सगळे. आन् आता तू म्हणतोस, खोटं बोलते. माझी घंटा खोटी ठरली तर त्याचीही ठरंल, त्यापरीस माझीही खरीच व्हऊ दे, म्हटलं."

हे ऐकून साधनाने तोंडाला पदर लावला. बाप चुकायचा नाही, असं सांगून मोतीरामला सुटता आलं असतं. पण तेही खोटंच झालं असतं, आणि खोट्याचा त्याला आता वीट आला होता.

"आक्का, ती घंटा बापाची नव्हती. त्याचे डोळे आले होते, म्हणून त्यानं मला धाडलं. मी विशीतला. ती माझी पहिली घंटा."

"तू आत गेलतास?"

"गेलतो. खाली घोंगडीवर ठेवला होता. डोक्याला तेल लावलेलं. एक मूठ मिटलेली, एक उघडी. कमरेला करदोट्याच्या आत, दिसू नये असा, काळा दोरा होता, त्याला बारकं तांब्याचं पान. मी नाकाशी हात धरला. लय वेळ धरला, आक्का. काहीतरी लागावं असं मला वाटत होतं. नाय लागलं."

त्या दिवसांत ख्रिस्ती घरात असला गंडादोरा सापडला असता तर पाळकांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"तो मी बांधला व्हता," ती अगदी हळू म्हणाली. "पोराला सारखं दुखणं यायचं म्हणून. नवऱ्यालासुदिक सांगितलं नव्हतं."

मग तिने दोन्ही हातांनी मोतीरामचा हात धरला, तोच नाकाशी धरलेला हात, आणि तो उलटसुलट करून बघितला.

"माझं लेकरू गेलं रे, मोतीराम," ती म्हणाली आणि काल माती दिल्यासारखी मोठ्याने रडू लागली.

कोणी तिला गप्प केलं नाही. मंगलाबाईने आणलेली पेज निवून गेली. तिने ती चुलीवर पुन्हा गरम करून आणली, तेव्हा धोंडाबाईने डोळे पुसले आणि वाटी हातात घेतली.