रॉड खाली, सुमनताई!

शिवणकामात चांगलं कापड गिऱ्हाईक घेऊन जातं आणि चिंध्या आपल्याकडं राहतात. किस्स्यांचंही तसंच. अंदमानला मासे धरायला गेलो, मासे सगळे तिथंच सोडले. घरी काय आलं? किस्से! आता पिशवी इतकी भरलीय की थोडी रिकामी केल्याशिवाय तिचं तोंड बांधता येईना.

आम्ही चौघं. दातांचे डॉक्टर, सिल्लोडचे नजीरभाई, रिटायर नर्स सुमनताई आणि मी, टेलर. मला सगळे काका म्हणतात. नजीरभाईंनी जन्मभर ट्रक चालवला, आता घरी असतात. वर्षातून एकदा आम्ही बेटावरच्या लॉजवर जातो. गुडघाभर समुद्रात उभं राहायचं आणि पिसांचा खोटा मासा लांब फेकायचा. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. खरा मासा लागला की हाताशी आणायचा आणि परत सोडायचा. इतकंच!

तिथं ट्रेवली नावाचा मासा असतो. दिसायला चांदीची परात, ओढ मात्र बैलाची. डॉक्टरांनी धरला, नजीरभाईंनी धरला, माझ्यासारख्या संथ माणसालाही एकदा लागला. सुमनताईंना नाय. आमच्यात सगळ्यांत चांगलं फेकणाऱ्या त्या, आणि त्यांनाच नाय!

*

माझा यात शिरकाव झाला तो दुकानातूनच. एक दिवस डॉक्टरांनी मशीनवर एक गळ ठेवला. त्याला पिसं, केस, चमकीचा दोरा गुंडाळलेला.

"काका, असं बांधता येईल?"

"येईल की. कुणाच्या टोपीला लावायचंय?"

तेव्हापासून आमच्या फ्लाय मीच बांधतो. जरीचा दोरा माझा, पिसं नजीरभाईंच्या घरच्या कोंबड्याची. लई देखणा कोंबडा! पहिल्या वर्षी चाळीस फ्लाय बांधल्या. पुढच्या खेपेला मी नजीरभाईंना विचारलं, "कोंबडा बरा आहे ना?"

"बरा है काका. बस, मुझे देखते ही पीठ दीवार से लगा लेता है!"

*

समुद्र लांब, म्हणून सराव हर्सूलच्या तळ्यावर. एका उन्हाळ्यात पाणी पार आत गेलेलं. काठावर नुसती भेगाळलेली माती. आम्ही तिथंच स्टीलचं ताट ठेवलं आणि गळाऐवजी दोरीला लोकर बांधून ताटावर नेम धरू लागलो. सुमनताई दहातले आठ ताटात टाकायच्या. माझी लोकर एकदा माझ्याच टोपीत आली.

म्हशी घेऊन एक म्हातारबा चालले होते. थांबले. बराच वेळ बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता हसतील. पण ते अगदी मायेनं म्हणाले, "बाबांनो, पावसाला अजून दीड महिना हाय. घरी जाऊन जेवून तरी या!"

*

लॉजच्या आचाऱ्यालाही आमची अशीच काळजी. पहिल्या दिवशी आम्ही परतलो तर कढई तापवून दारात उभा.

"कितनी पकडी?"

"ग्यारह!" डॉक्टर छाती काढून म्हणाले.

"लाओ."

"छोड दी."

"सब?"

"सब."

त्यानं कढई उतरवली. आम्हाला वरण-भात वाढला आणि गंभीरपणे म्हणाला, "कल आलू पकड के लाना. उसको छोडना मत!"

*

सुमनताईंचा हात मी पहिल्यांदा ओळखला तो डॉक्टरांच्या कानामुळं. वारा फिरला आणि नजीरभाईंची फ्लाय डॉक्टरांच्या कानाच्या पाळीत रुतली. एवढे मोठे डॉक्टर, पण असे ओरडले की किनाऱ्यावरचे बगळे उडाले! नजीरभाई हात जोडून उभे. मी दोरा कापायची कात्री घेऊन धावलो, तर ताईंनी मला अडवलं.

गळाला दोरीचा फास घातला, बोटानं खाली दाबलं. डॉक्टर ओरडतच होते.

"डॉक्टर," ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं लोकांची तोंडं उघडलीत. आता दोन मिनिटं स्वतःचं बंद ठेवा."

डॉक्टरांनी तोंड मिटलं. एक झटका, आणि गळ बाहेर! रक्ताचा एकच थेंब. नजीरभाई अजून हात जोडूनच उभे होते, फक्त आता ताईंच्या दिशेनं.

*

असा हात! मग मासा का सुटायचा?

ताई वाढल्या हर्सूललाच. त्यांचे वडील बांबूच्या काठीनं मासे धरायचे, ताईंनाही त्यांनीच शिकवलेलं. तळ्यात माशानं ओढ दिली की काठी झटक्यात वर घ्यायची. समुद्रात उलटं. रॉड खाली ठेवायचा आणि डाव्या हातानं दोरी मागं खेचायची. रॉड वर उचलला की ट्रेवलीच्या टणक तोंडातून गळ सरकतो. ताईंना हे पाठ होतं, आम्हालाही त्याच समजावायच्या. पण मासा आला की कोपर आपोआप वर!

आमचा गाइड सॅम बेटावरचाच. शांत मुलूख, शांत माणूस. पण ताईंच्या वेळी तोही किंचाळायचा, "दीदी, रॉड नीचे! नीचे!" तोवर मासा गेलेला असायचा.

तीन वर्षांत सात मासे असे गेले. सातव्याला ताई पाण्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, रडणाऱ्या लेकरांना सलाईन लावली, पण हात हलला नाय कधी. आणि इथं माझा हात माझंच ऐकत नाय."

मी त्यांच्या फ्लायची सुटलेली गाठ बांधत बसलो.

*

यंदा जायच्या आधी ताईंच्या गुडघ्यांचं निघालं. परतल्यावर ऑपरेशन. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, ही एक खेप करा, नंतर पाण्यात उतरायचं नाय. म्हणजे ट्रेवली लागली तर यंदाच.

पहिल्या दिवशी एक सुटला. दुसऱ्या दिवशी एक सुटला. तिसऱ्या दिवशी मासाच आला नाही. उरली शेवटची सकाळ.

मी टेलर माणूस. मला एकच सुचलं. जाड कॅनव्हासची पट्टी शिवली. एक टोक दंडाला, एक टोक कमरेला. फेकण्यापुरता हात हलेल, पण कोपर बरगडीच्या वर जाणार नाही. माप मी डोळ्यांनीच घेतलं होतं. सकाळी ताईंना दिली.

त्यांनी उलटसुलट करून बघितली. "टाका लई बारीक घातलाय, काका."

"बांधा. शर्टाच्या आतून बांधली तर दिसणार पण नाय."

"बरं," म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

उन्हासाठीचा त्यांचा शर्ट चांगला ढगळ. आत काय आहे, काय नाय, काही कळत नव्हतं. ओहोटी लागली तशा त्या सॅमचा हात धरून पाण्यात उतरल्या. आम्ही तिघं मागं नावेत बसून राहिलो. त्या दिवशी आमच्यातल्या कुणी रॉडला हातच लावला नाही.

तासभर काही नाही. मग सॅम एकदम वाकला. "दीदी, बाएँ से. दो हैं. बडी वाली पीछे."

ताईंनी फेकलं. ताटात पडावं तसं पडलं. दोरी खेचली, थांबल्या, खेचली. पाण्यावर एकदम खळबळ उठली. माशाची पाठ उघडी पडली आणि...

"रॉड खाली!" आम्ही तिघंही ओरडलो.

कोपर बरगडीशीच. डावा हात सपकन कमरेच्या मागं गेला. एकदा. दोनदा. दोरी पाणी चिरत सुटली आणि रॉडचं रीळ किंचाळायला लागलं!

नजीरभाई नावेत उठून उभे राहिले. डॉक्टर त्यांचा शर्ट धरून, "बसा हो, नाव उलटेल!" आणि स्वतःही उभेच. वीस मिनिटं तरी मासा ताईंना ओढत होता, ताई माशाला. शेवटी सॅमनं शेपूट धरली आणि आम्ही पाण्यात उड्या टाकल्या.

केवढा मासा! ताईंनी त्याला पाण्यातच धरून ठेवलं, दम येऊ दिला. मग हात सोडला. मासा जाईना. त्यांच्या तळव्यावर तसाच टेकून राहिला.

ताई त्याच्यावर वाकल्या. "डिस्चार्ज झालाय तुझा. जा आता. बेड अडवून ठेवू नकोस."

शेपटीचा एक फटकारा, आणि निळ्या पाण्यात नाहीसा! डॉक्टर डोळे पुसत होते, म्हणाले खारं पाणी गेलं.

मी ताईंजवळ गेलो. "हात आवळला असेल. थांबा, पट्टी सोडतो."

ताईंनी पँटच्या खिशातून पट्टी काढली. मी दिली होती तशीच, घडीची घडी.

"बांधलीच नाय?" मी विचारलं. "शेवटची सकाळ होती, ताई!"

पट्टी माझ्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, "त्या माशाला कुणी बांधलं होतं, काका?"