सुताराच्या अंगणात

त्या वर्षी मी महाराजांशी, म्हणजे आमच्या गुरूंशी, बोलणं बंद केलं होतं. नागपुरात आमच्या सत्संग मंडळाचं सभागृह झालं, तेव्हा दारं-खिडक्यांचं सगळं सागवान शहराबाहेर वाडीला असलेल्या माझ्या गोदामातून, एक पैसा न घेता गेलं. उद्घाटनाला मात्र मला मागच्या रांगेत बसवलं. पुढच्या खुर्च्या डॉक्टर-वकिलांसाठी होत्या. मी जुन्या लाकूड-लोखंडाचा व्यापारी. विणकराचा मुलगा, चौथीत शाळा सुटली, हमाली करून गोदाम उभं केलं. अपमान मी विसरत नाही. घरी येऊन महाराजांच्या तसबिरीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, तुमच्या दारातही माणसाची पायरीच बघत असतील, तर मले तुमचं काही नको. त्या दिवसापासून जप थांबला.

अशा अवस्थेत असताना ताई घरी आल्या. धरमपेठेतल्या या निवृत्त शिक्षिकेने आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात, मंडळाच्या देणग्यांवर शाळा बांधायचं काम अंगावर घेतलं होतं. तिथली मुलं आंब्याच्या झाडाखाली शिकत. छताचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्या आणि दारं तिथल्याच सुताराकडून करून घ्यायची होती, आणि लाकूड ओळखणारं माणूस ताईंना हवं होतं. मी गेलो, पण भक्तीने नाही. माझ्यावाचून मंडळाचं अडतं, हे एकदा दाखवायचं होतं.

गावात पोचलो तेव्हा झाडाजवळ विटांचा मोठा ढीग रचलेला होता. ताईंनी सांगितलं की गावातल्या प्रत्येक घराने आपल्या वाट्याच्या विटा स्वतः पाडून, भाजून आणून दिल्या आहेत. लाकडाचं ठरलं की दुसऱ्या दिवशी पाया खणायचा होता. मी ऐकलं न ऐकलं केलं आणि सुताराच्या अंगणात गेलो.

तो साठीचा, शांत माणूस. त्याने स्टूल पुढे केलं, हात धुवायला पाणी आणलं, घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं. ताईंना तिथली भाषा मोडकीतोडकी येत होती. मी त्यांना म्हटलं, आधी भाव विचारा. त्याने भाव सांगितला. मी उभ्या उभ्या त्याच्या निम्मा सांगितला. त्याने पुन्हा स्टुलाकडे हात केला. मग मी आयुष्यभर केलं तेच केलं. पाठ फिरवून चालू लागलो. वाडीच्या गोदामात सौदा करताना दहा पावलं गेलो की समोरचा हाक मारतोच. इथे कुणी मारली नाही. परत फिरणं जमेना, आणि रागाच्या भरात मी गावाबाहेर किती लांब गेलो ते कळलंच नाही.

मला साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. ऊन चढलं तशी साखर उतरली, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन ताईंच्या पिशवीत राहिलेला. रस्त्याकडेला बसलो आणि जिवाची खरीच भीती वाटली. मदतीला हाक मारायची म्हटली तर कुठल्या भाषेत मारणार? ओठांवर आपोआप नाम आलं. ते मी घेतलं नाही, ते आलं.

डोक्यावर उसाची मोळी घेतलेली एक म्हातारी जात होती. ती थांबली. माझे हात पाहिले, काही न विचारता मोळी उतरवली, एक कांडं सोलून तुकडे माझ्या तोंडाशी धरले. जीव थाऱ्यावर येईपर्यंत ती शेजारी बसून राहिली. मग माझं मनगट धरून, लहान मुलाला न्यावं तसं, गावाकडे घेऊन निघाली.

वाटेत बायका दिसल्या. एकेकीच्या डोक्यावर विटा, आणि तोंडं शाळेकडे नव्हे, घरांकडे. ताई धावत आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"भाऊ, तुम्ही पाठ फिरवून गेलात. त्यांना वाटलं, आपण शाळेचं काम सोडलं. विटा परत नेतायत."

"काहून पण? आपल्याकडे उठल्याशिवाय भाव उतरते का?"

"इथे बोलणं अर्धं टाकून उठत नाहीत हो. उठला तो गेला."

म्हातारीला आमच्या बोलण्याशी देणंघेणं नव्हतं. तिने मला सरळ सुताराच्या अंगणात नेलं, स्टुलावर बसवलं, खांद्यावर हात ठेवून किंचित दाबला आणि आपल्या वाटेने निघून गेली. ती कुठली, गावात कुणाला सांगता आलं नाही. बाजाराला जाणारी असेल. मला सुताराकडेच न्यायचं हे तिला कसं कळलं? परका माणूस कुठून आला हे तिने वाटेत कुणाला विचारलंही असेल. मी वाद घालत नाही. माझ्या खांद्यावर तो हात पडला, एवढं मला ठाऊक आहे.

सुताराने पुन्हा पाणी आणलं. मी हात धुतले. बायकोबद्दल, दोन्ही मुलींबद्दल सांगितलं, माझी शाळा कशी सुटली तेही सांगितलं. ते मी नागपुरात कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो म्हणाला की तो स्वतः शाळेत गेलाच नाही, आणि त्याची नात दुसऱ्या गावच्या शाळेत चालत जाते, पावसाळ्यात नदी भरली की तेही बंद. पुष्कळ वेळाने त्याने भाव सांगितला. सकाळचाच. मी म्हटलं, बरोबर आहे. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्यावर तो म्हणाला, हा भाव नुसत्या लाकडाचा. मजुरी तो घेणार नाही, जशा इतरांच्या विटा तशी ती त्याच्या घराचा वाटा. सकाळी तुम्ही बसला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं.



संध्याकाळी सुतार स्वतः घरोघर गेला. बायका परत येऊ लागल्या. मी ढिगाजवळ उभा राहून एकेकीच्या डोक्यावरून वीट उतरवून घेत होतो आणि रचत होतो. भाषा येत नव्हती, म्हणून प्रत्येकीला हात जोडत होतो. कुणी हसली, कुणी नुसतीच बघून गेली.

मागच्या रांगेचं शल्य पुरतं गेलं, असं खोटं लिहिणार नाही. पण महाराजांशी माझा जो सौदा इतकी वर्षं चालला होता, एवढं दिलं तर एवढा मान हवा, तो त्या अंगणात संपला. शरण जायचं म्हणजे फार मोठं काही असेल असं वाटायचं. माझ्या बाबतीत ते एवढंच निघालं, की उठून जायची सवय असलेल्या माणसाला कुणीतरी हाताला धरून बसवलं. म्हातारीच्या हाताने ज्याने बसवलं त्याचे उपकार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत. आता रोज सकाळी महाराजांच्या तसबिरीपुढे नुसता बसतो, आणि काही मागत नाही.