टॉवरची हद्द

ये गं पोरी, कागद हातात घेतलासच तर जरा जवळ सरकून बस. नाहीतर तुझं ठरलेलं, वरच्या चार ओळी वाचायच्या आणि 'मावशीचं पुराण' म्हणून घडी घालून ठेवायची. तूच विचारलंस ना, "मावशी, घरामागं टॉवर आहे, भीती नाही वाटत?" मग आता उत्तर पुरतं ऐक. भीती वाटली होती गं, माणसांच्या अकलेची.

टॉवर आला तेव्हा तू शाळेत असशील. त्याआधी फोन घेतलेली माणसं पाण्याच्या टाकीवर चढून, हात आभाळात करून उभी राहायची. एकजण तर वरून बायकोला ओरडून सांगायचा, "लागला गं फोन!" फोनपेक्षा त्याची ओरडच लांब जायची. म्हणून माझ्या चुलत दिरांनी आमच्या घरामागचा त्यांच्या जमिनीचा तुकडा टॉवरला दिला, तेव्हा सगळ्या गावानं नारळ फोडून पेढे खाल्ले.

मग कुणीतरी बेल्ह्याच्या बैलबाजारातून बातमी आणली. टॉवरच्या किरणांनी गाई गाभण राहत नाहीत म्हणे. झालं! टोमॅटोची फूलगळ झाली, टॉवर. म्हशीनं दूध चोरलं, टॉवर. एकाचा जावई दारू सोडेना, त्याचंही खापर टॉवरवर. आणि हे सगळं एकमेकांना सांगायचं कशावरून? फोनवरून, तासतासभर, कान तापेस्तोवर.

मी हसत होते. पण ते खूळ माझ्याच दारात आलं. थोरल्या लेकीचं लग्न नारायणगावच्या बाजूला जमलं होतं. टोमॅटोच्या व्यापारातलं घर, सुपारी फुटायची तेवढी बाकी. तर मुलाच्या चुलत्यानं निरोप धाडला, "मुलगी टॉवरखाली राहिलेली. उद्या पोरंबाळं झाली न्हाईत तर? आधी किरणं मोजून घ्या, मंग बघू." अगं, याच माणसानं माझ्या लेकीच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले होते! लेक शिवणयंत्रावर बसून एकच शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. मला ते बघवेना.

गावानं सरकारकडं अर्ज केला आणि बऱ्याच दिवसांनी किरणं मोजणारा साहेब आला. आता आमच्याकडं मोजणी म्हटली की एकच माहीत, जमिनीची. म्हणून शेजारच्या शेतवाल्यांना वर्दी गेली, पंच हजर झाले, रेघ मारायला पांढऱ्या फक्कीची गोणी आली, हद्दीवर रोवायला दगड आले. बांधावरून कायम भांडणारे दोन भाऊ तर सकाळपासूनच पहार घेऊन बसलेले. नारायणगावचे पाहुणेही आले. चुलता सगळ्यांच्या पुढं, एक फोन छातीवरच्या खिशात, दुसरा कमरेच्या पट्ट्याला.

साहेबानं पेटीतून यंत्र काढलं. एक दांडा, त्याच्या टोकाला पांढरा चेंडू, खाली आकडे दाखवणारी डबी. गावच्या सगळ्या मोजण्या पाहिलेला एक म्हातारा पुढं झाला.

"सायेब, साखळी कुठंय?"

"साखळी लागत नाही, आजोबा."

"मंग हद्द कशी दावनार?"

"याला हद्द नसते. लांब जाल तसं कमी होत जातं."

"आसं कसं, राव? ह्या पोत्याचं आमी काय करायचं मंग?"

साहेबानं टॉवरच्या पायथ्याशी यंत्र धरलं, आकडा इवलासा. आमच्या परसात तसाच. शाळेच्या मैदानात थोडा वाढला. तो म्हणाला, "बॅटरीचा झोत लांब पडतो, धरणाऱ्याच्या पायाशी उजेड कमीच असतो. तसंच आहे हे. आणि मैदानातलंसुद्धा घालून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे." लोकांची तोंडं अशी उतरली, जशी काही जेवणाची पंगतच मोडली.

"यंत्र बिघाडलंय," म्हणत चुलता त्या चेंडूवर वाकला. तेवढ्यात आकडे उसळले. सगळे धडपडत मागं सरले. "आली, आली किरणं!" कुणीतरी ओरडलं. आणि चुलत्याच्या छातीवरचा फोन आरती म्हणायला लागला.

"हा तुमचाच फोन," साहेब म्हणाला. "टॉवर तिकडं लांब, हा अंगाला चिकटलेला. आणि रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला हा आणखी जोर लावतो."

म्हाताऱ्यानं मूठभर फक्की घेतली आणि चुलत्याच्या पायांभोवती गोल रेघ ओढली. "घ्या पावणं, घावली हद्द! आता हितनं भाईर पाऊल टाकू नगा." अख्खं गाव खदखदलं. पण हसणाऱ्यांपैकी एकानंही आपल्या खिशातला फोन काढून ठेवला नाही, हेही सांगते.

मी साहेबाला एक विचारलं. "पंधरा वर्सांनी पोरीबाळींना काई व्हनार न्हाई, आसं लिहून देता?"

तो म्हणाला, "इतक्या कमी किरणांनी अपाय होतो असा पक्का पुरावा अजून नाही. पुढचं लिहून द्यायला मी कोण, ताई?"

त्या दिवशी शहाण्यासारखं बोलणारा तेवढा तोच. त्यानं दिलेला मोजणीचा कागद गावाला वाचता आला नाही, म्हणून गावानं तो खोटा ठरवला. त्या पहारवाल्या दोघा भावांनी आणलेला दगड वाया कशाला घालवायचा म्हणून रोवला, आणि त्या दगडावरून त्यांचं नवं भांडण सुरू झालं.

आठ दिवसांनी चुलत्याचा निरोप आला, "आमचं समाधान झालं. सुपारी फोडू." लेक शिवणयंत्रावरून उठली. "आई, माजं न्हाई झालं. आज यंत्रानं मला पास केलं. उद्या मूल न्हाई झालं तर हा मानूस मला आनखी कुठल्या यंत्राफुडं उभी करील?"

तुझे काका चिडले, दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र चुलत्याला स्वतः फोन लावला. म्हटलं, "भाऊ, फोन जरा लांब धरून ऐका. मुलगी देत न्हाई."

पुढं आंबेगाव तालुक्यात तिचं लग्न झालं. मूल व्हायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत आमच्या गावच्या बायांनी टॉवरकडं किती बोटं दाखवली, विचारू नकोस. जावयानं एकदाही नाही. आता भीमाशंकरच्या रस्त्याला तिचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि तू अजून पाहिलं नाहीस म्हणून ती माझ्यावरच रागावते. पुढच्या महिन्यात मी तिच्याकडं चालले आहे. तू पुण्याहून सरळ माझ्याकडं ये, एक मुक्काम कर, मग दोघी मिळून जाऊ. कामाची कारणं सांगू नकोस बाई, लवकर ये.