पदवीला दोन जामीन

माझी पदवी शीळफाट्याजवळच्या एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात भिंतीवर टांगलेली आहे. मूळ प्रत घरी, कपाटात आईच्या साड्यांखाली. भिंतीवर तिची रंगीत झेरॉक्स, तीही फ्रेम करून. असा कारखाना चालवायचा तर सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं माणूस ठेवावं लागतं, म्हणून मी तिथे आहे. तपासणीला कुणी आलं की मालक आधी भिंतीकडे बोट दाखवतात आणि मग माझ्याकडे. हा क्रम कधी चुकलेला नाही.

काम सोपं आहे. पाण्याचा नमुना घ्यायचा, काचेच्या बशीत जंतूंना आवडेल अशा खाद्यावर तो सोडायचा आणि एकदोन दिवसांनी काही वाढलंय का बघायचं. चांगलं पाणी म्हणजे बशीत काहीही नाही. वर्षभर मी 'काहीही नाही' असं लिहिते आणि त्याचे महिन्याला सोळा हजार घेते. जार पोचवणारा टेम्पोवाला माझ्यापेक्षा जास्त कमावतो आणि ते सांगताना लाजतो. त्याच्या कमाईचा मला राग नाही. त्याच्या लाजण्याचा येतो.

ही पदवी कर्जाची आहे. पप्पा ठाण्यात, एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक. कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढायचं तर दोन सहकाऱ्यांनी जामीन राहावं लागतं. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, पण ते कर्ज फिटेपर्यंत जामीन राहिलेल्यालाही स्वतःसाठी पूर्ण रक्कम उचलता येत नाही. त्यामुळे डेपोतले सगळे एकमेकांत अडकलेले. आज मी तुझ्या कागदावर सही करतो, उद्या तू माझ्या. माझ्या बीएस्सीचं कर्ज जरा उतरलं तेव्हा पप्पांनी त्यावरच नवं काढून मला एमएस्सीला घातलं. सह्या करणारे दोघे तेच.

मुळात चूक अकरावीतच झाली होती. आमच्या घरात बायोलॉजी म्हणजे डॉक्टरकीच्या अलीकडचं स्टेशन. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मला मार्क कमी पडले आणि मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या बीएस्सीला गेले, तरी पप्पा म्हणाले, "लाइन तर तीच आहे ना?" लाइन ती नव्हती. हे सांगणारं घरात कोणी नव्हतं आणि कॉलेजात कुणाला सांगायची गरज वाटली नाही. एमएस्सीचा निकाल लागला तेव्हा पप्पांनी टेंभी नाक्यावरून पेढे घेतले आणि अख्ख्या डेपोला वाटले. मुलगी सायंटिस्ट झाली म्हणून.

सायंटिस्ट मग दीड वर्ष घरी बसली. पॅथॉलॉजी लॅबवाल्यांना त्यांचा डिप्लोमा केलेले हवे होते, औषध कंपन्यांना अनुभव, शाळांना बीएड. माझ्याकडे जे होतं ते सोडून सगळ्यांना काहीतरी हवं होतं.

हिशेब मी एकदाच केला, बशीत जंतू वाढायची वाट बघत. कारखान्यात फोनवर ऑर्डरी घेणारी मुलगी बारावी आहे. तिला चौदा हजार मिळतात. म्हणजे माझी पाच वर्षं आणि ते सगळं कर्ज, याची किंमत महिन्याला दोन हजार. माझा अर्धा पगार मी पप्पांना देते, तरी हप्ता भरून निघत नाही. पप्पा रिटायर होतील तेव्हा उरलेलं त्यांच्या फंडातून कापतील. एवढं कळल्यावर मी परत हिशेब केला नाही, कारण तो कुठूनही मांडला तरी तसाच येणार होता.

गेल्या जूनमध्ये एका रविवारी दोन जामिनांपैकी एक काका मुलीला घेऊन आमच्या कल्याणच्या घरी आले. मुलगी नुकतीच बारावी झालेली, तिलाही मेडिकलच्या परीक्षेत मार्क कमी पडलेले.

"अगं, ही म्हणते ताईसारखं करायचं. तू सांग हिला कसं कसं ते," काका म्हणाले. पतपेढीचा अर्ज त्यांच्या खिशातच होता. आमच्यामुळे त्यांना कमी कर्ज मिळणार होतं, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पप्पा खुर्चीत ताठ बसले होते. आपल्या मुलीचा सल्ला घ्यायला आजवर कोणी घरी आलं नव्हतं.

मी खोटं बोलले तर ही मुलगी पाच वर्षांनी माझ्यासारखीच कुठल्यातरी भिंतीखाली बसणार होती.

"काका, नको," मी म्हणाले. "कर्ज काढून तर अजिबात नको. मी केलेलं ना, बघताय ना. सोळा हजार मिळतात मला."

काका माझ्याकडे न बघता पप्पांकडे बघायला लागले.

"सोळा? अरे, तू तर तीस बोललेलास."

आई चहा गरम करायला म्हणून उठली, चहा आम्ही घेऊन झालेला होता. मला आधी पप्पांचा राग आला आणि मग इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"मग मी काय घेऊ, ताई?" मुलीने विचारलं.

मला फक्त काय घेऊ नये तेवढं माहीत होतं.

काका म्हणाले, "जाऊ दे. बारावी करून घरी बसवू काय? आता कॉमर्सला घालायचं तरी सगळं नव्याने. हिचं हिचं नशीब." त्यांनी अर्ज पप्पांसमोर ठेवला, जामिनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पप्पांनी सही केली.

ते गेल्यावर पप्पा बराच वेळ दारातच उभे राहिले.

"मी तीस सांगितले म्हणून त्याने तिला अकरावीत या लाइनला घातलं," ते म्हणाले.

"मग सही का केलीत?"

"तुझ्यासाठी त्याने दोनदा केलेली."