पंगतीच्या उंचीची खुर्ची

माझी मावसबहीण शैला गेल्या महिन्यात, एका मंगळवारी पहाटे, बारामतीतल्या राहत्या घरी झोपेतच वारली. दुधाची पिशवी दाराशीच दिसली म्हणून शेजारणीने हाक मारली, तेव्हा कळले. हृदयविकाराचा झटका, असे डॉक्टरांनी सांगितले. शैला ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. ज्या लहान मुलांचे हातपाय त्यांच्या ताब्यात नसतात, त्यांना बसते करणे हे तिचे काम. त्यांच्या मापाच्या खुर्च्या ती सुताराकडून करून घेई आणि आठवड्यातून एकदा त्या घेऊन इंदापूर तालुक्यात फिरे. सुट्टीच्या दिवशी गाडी मी चालवीत असे. म्हणून पुढचे बरेचसे माझ्यासमोर घडलेले आहे.

कळंबची तनुजा आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन वर्षांची होती. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत आणि बसवले की अंग मागे ताणले जाई. आजी तिला मांडीवर आडवी घेऊन भरवी. घास श्वासाच्या वाटेला जाई, ठसका लागे. त्यातूनच छाती भरून तिला दवाखान्यात ठेवावे लागले होते आणि पुढच्या ठसक्याची धास्ती घरात सगळ्यांना होती. शैलाने उंच पाठीची, कमरेला पट्टा आणि दोन मांड्यांमध्ये खुंटा असलेली खुर्ची नेऊन दिली, सरळ बसवून कसे भरवायचे ते दाखवले. पुढच्या खेपेला खुर्ची ओसरीवर होती, प्लास्टिकसकट, आणि तनुजा आत गोधडीवर. तिचे आजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ग्रामपंचायतीची निवडणूक एकदा हरलेले. ते म्हणाले, "आमच्या घरात पयल्यांदाच खुर्ची आली, ताई. ती बी बिनविरोध. जपाय नको व्हय?" शैला हसली. मग तिने आजीला विचारले, निदान जेवताना तरी बसवता का? आजी म्हणाली, "आमी समदी खाली पंगतीत, अन् ही येकटी वर. वाळीत टाकल्यागत दिसतं, ताई. माझा हातच उचलत न्हाय."

ती खुर्ची आम्ही गाडीत घालून परत आणली. "चूक माझी आहे," बारामती जवळ आल्यावर शैला म्हणाली. "पाठ मोजली, मांड्या मोजल्या... ती जेवते कुठं, हे विचारलंच नाही." तिने खुर्चीचे पाय कापून घेतले, बैठक जमिनीला टेकवली आणि पुढे ताटासाठी गुडघ्यांवरून सरकणारा बुटका पाट करून घेतला. पुढच्या खेपेला आम्ही मुद्दाम जेवणाच्या वेळी पोचलो. तनुजाला तात्या आणि थोरली बहीण यांच्या मध्ये बसवले. आजीने आमटीत कुस्करलेल्या भाकरीचे छोटे घास समोरून भरवले; सगळ्यांचे लक्ष ठसक्याकडे होते. तो लागला नाही. जेवण अर्ध्यावर आले असताना तनुजाचा हात हेलकावत तात्यांच्या ताटात गेला आणि कुरडई मुठीत चुरडून परत आला. "घ्या," तात्या म्हणाले, "खुर्चीत बसली न्हाय तवर हात माराय लागली." आजी तोंडाला पदर लावून हसली. त्यानंतर कोणत्याही घरात शैलाचा पहिला प्रश्न एकच असे, जेवायला कुठं बसता? मापाची टेप त्यानंतर पर्समधून निघे.

शेवटच्या खेपेला तनुजाचे गुडघे बैठकीच्या बरेच पुढे आले होते. शैलाने मोठ्या खुर्चीचे माप घेतले. ती गेली त्या दिवशी ही खुर्ची तिच्या मागच्या खोलीत तयार होती, फक्त पट्टा लावायचा राहिला होता. तिच्या हाताखाली शिकलेल्या इंदापूरच्या थेरपिस्ट मुलीने तो लावला आणि गेल्या रविवारी आम्ही दोघे कळंबला गेलो. आजीने खुर्ची ओसरीवर ठेवू दिली नाही. सरळ आत न्यायला सांगितली आणि प्लास्टिक स्वतः काढले. पाठीशी एक उशी वाढवावी लागली. जुनी खुर्ची दुसऱ्या मुलासाठी इंदापूरला आली. त्या दुपारी तनुजा तात्यांच्या शेजारी बसून जेवली. ठसका लागला नाही.